बॅनरवरची स्वेच्छानिवृत्ती

माझी नोकरी जाणार हे मला चहावरून कळलं. बहारीनमधल्या सलमाबादच्या आमच्या कारखान्यात एसीचे डक्ट बनत आणि मी खरेदी विभाग सांभाळत होते. इतक्या वर्षांत मॅनेजरने मला कधी "बसा" म्हटलं नव्हतं. त्या दिवशी बसा म्हणाला आणि वर चहा मागवला, बिस्किटांसह. फुकट मिळणाऱ्या गोष्टीची किंमत कुठेतरी लावलेली असते, हे खरेदी विभागात पहिल्या महिन्यातच शिकायला मिळतं. मी बिस्किटाला हात लावला नाही.

कंपनीची 'पुनर्रचना' होत होती. खरेदी यापुढे दुबईहून होणार होती. माझ्या कामाबद्दल त्याने बरंच चांगलं सांगितलं, आणि माणसाला काढताना त्याच्याबद्दल इतकं चांगलं का बोलतात ते मला तेव्हाही कळलं नाही. मी विचारलं, "हे लेखी मिळेल ना?"

"ऑफ कोर्स. एचआर देईल."

एचआरने हिशेब पुरा झाल्याचा एक कागद दिला. त्यावर नोकरी संपल्याची तारीख होती, ती का संपली याचा उल्लेख नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, ते सिस्टीममध्ये असतं.

कागद घेऊन आला होता तो आमचा मंडूब. सरकारी कचेऱ्यांत कंपनीची कामं करत फिरणारा असा एक माणूस इथल्या प्रत्येक कंपनीत असतो. आमचा रत्नागिरीकडचा होता, बोलायला गोड आणि त्यामुळे माझ्या यादीत संशयास्पद. जाता जाता दारात थांबून तो म्हणाला, "बाय, पगारातनं दर महिन्याला बेकारीच्या विम्याचं कापतात, ठाऊक आहे ना? आपल्यासारख्या परदेशी माणसाचं पण कापतात. काढलानी तर भत्ता मिळतो. अर्ज टाका."

"तुम्हाला काय मिळणार त्यातून?" मी विचारलं.

"दुवा," तो म्हणाला. "ती पण तुमच्याकडनं मिळेल असं वाटत नाय."

घरी आम्ही दोघीच. मी आणि बारावीतली मुलगी, बुसैतीनच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. नवरा पुण्याला, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंजवळ. त्यांच्या आजारपणाने शिल्लक आधीच खाल्ली होती. व्हिसाची मुदत मुलीच्या परीक्षेनंतरही काही आठवडे उरत होती, पण मुदतीत राहता येत नाही, राहायला घर लागतं. बारावीच्या अधेमधे बोर्ड शाळा बदलू देत नाही. भत्ता मिळाला तर परीक्षेपर्यंत भाडं निघणार होतं. नाही मिळाला तर दोघींनी पुण्याला जायचं आणि मुलीने वर्ष गमवायचं. एवढा साधा मामला होता. मुलीला मी तो सांगितला तेव्हा तिने पुस्तकातून डोकं वर काढून विचारलं, "सो व्हॉट आर द चान्सेस?" मी म्हटलं, कापलेले पैसे परत आल्याचं मी आयुष्यात पाहिलेलं नाही. ती म्हणाली, "मम्मा, दॅट इज नॉट अ नंबर."

अर्ज टाकला. त्याच आठवड्यात अध्यक्षांचा फोन आला.

अध्यक्ष म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे. खूप वर्षांपासून तेच आहेत. दर दोन वर्षांनी निवडणूक होते आणि तेच पुन्हा आश्चर्यचकित होतात. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत, जनाबियाला व्हिलात राहतात आणि त्यांना माणसांचे सत्कार करायला मनापासून आवडतं. दहावीला चांगले गुण मिळाले, शाल. पहिला नातू झाला, शाल. एकदा एका गृहस्थांचा मोतीबिंदूच्या यशस्वी शस्त्रक्रियेबद्दल सत्कार झाला होता, आणि स्मृतिचिन्ह घेताना त्यांनी हात अध्यक्षांऐवजी बाजूच्या माणसापुढे केला होता.

"वहिनी, कानावर आलं. कोजागिरीला तुमचा सत्कार करायचाय."

"कशाबद्दल?"

"इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल."

"अध्यक्ष, मला काढलंय."

"हो हो. ते कशाला बाहेर?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खरंखुरं आर्जव होतं, म्हणून मला जास्तच शंका आली. "आपण मांडायचं चांगल्या शब्दांत. लोकांना चर्चेला विषय नको."

मी नाही म्हटलं. मग त्यांनी पुण्याला नवऱ्याला फोन केला. नवऱ्याने मला केला. "घे गं शाल," तो म्हणाला, "थंडीत उपयोगी पडेल." बहारीनमध्ये थंडी म्हणजे एसीची, आणि ती बारा महिने असते. मी गेले.

भाड्याच्या हॉलमध्ये मसाला दूध उकळत होतं. स्टेजवर पडदाभर फ्लेक्स. माझा फोटो, कुठून मिळवला देव जाणे, आणि मराठीत व इंग्रजीत दोन्हीकडे: 'प्रदीर्घ व यशस्वी सेवेनंतर स्वेच्छानिवृत्तीनिमित्त हार्दिक सत्कार.' खाली प्रायोजकांची बोधचिन्हं रांगेत. त्यांत आमच्या कंपनीचंही होतं. मंडळाच्या कोजागिरीला कंपनी दरवर्षी थोडी मदत करायची. यंदाचीही उन्हाळ्यातच मंजूर झाली होती, माझ्याच टेबलावरून.

मी अध्यक्षांना कोपऱ्यात गाठून म्हटलं, "हे स्वेच्छा काय आहे?"

"शब्दाला वजन येतं," ते म्हणाले. "आता छापून झालंय, वहिनी."

छापून झालंय, या दोन शब्दांपुढे आपल्याकडे अपील नाही. मला शाल घातली गेली. नारळ दिला गेला. कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानातून आणलेला, शेंडी नसलेला, कापलेल्या केसांच्या शाळकरी पोरासारखा दिसणारा. अध्यक्ष बोलले. मी स्वतःच्या मर्जीने संसाराला वेळ देण्यासाठी उच्च पद सोडत असल्याचं त्यांनी सांगितलं, तेव्हा पहिल्या रांगेतल्या दोघी हळहळल्या. फोटोग्राफर म्हणाला, स्माइल. फोटोसाठी हसायला लावलं की माणूस हसतो, ते काही संमतीचं लक्षण नव्हे.

काही आठवड्यांनी फोनवर संदेश आला, वर अरबीत, खाली इंग्रजीत. अर्ज नामंजूर. कारण: अर्जदाराने नोकरी स्वेच्छेने सोडली आहे.

स्वेच्छेने. आधी बॅनरवर आणि आता सरकारी संदेशात. या शब्दाला कोणीतरी माझा पत्ता दिला होता.

मी अपील केलं. कचेरीत यंत्रातून नंबर निघतो, तो घेऊन बसायचं. माझा नंबर आला तेव्हा खिडकीत अबाया घातलेली एक तरुण अधिकारी होती. इंग्रजीत बोलणारी, कंटाळलेली नव्हती, हे पाहून मी थोडी सावध झाले. मला काढलंय, मी राजीनामा दिलेला नाही, असं मी सांगितलं. तिने कंपनीने पाठवलेलं उत्तर उघडलं, वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि पडदा माझ्याकडे वळवला.

पडद्यावर मी होते. शाल, नारळ, स्माइल. मागे इंग्रजीत स्वेच्छानिवृत्ती. खाली, पुरावा भक्कम करायला की काय, कंपनीचं बोधचिन्ह.

"तुम्ही आनंदात दिसताय," ती म्हणाली.

"आमच्याकडे सत्काराला तसं दिसावं लागतं."

"कंपनीचं म्हणणं आहे, तुम्ही सोडलीत आणि समारंभही केलात. हा समारंभ खोटा होता असं म्हणायचंय का?"

काय सांगणार? समारंभ खरा होता, दूध खरं होतं, नारळही खरा होता. मी म्हटलं, वरचं वाक्य तेवढं खरं नाही. ती म्हणाली, मग ज्याने लिहिलं त्याने येऊन सांगावं. सुनावणीची तारीख दिली.

त्या दिवसापासून मी लोकांची छाननी सुरू केली. फोटो कंपनीकडे गेला कसा? मंडूब कोजागिरीला आला नव्हता, पण त्याचे अर्धे मित्र होते. अर्ज टाका म्हणणारा तोच आणि कंपनीची कागदपत्रं तिथे नेणाराही तोच. दोन्ही बाजूंनी दुवा घेणारी माणसं मी खरेदीत पुष्कळ पाहिली होती. अध्यक्षांची बँक आमच्या कंपनीची बँक होती. पहिल्या रांगेत हळहळलेल्या दोघींपैकी एकीचा नवरा आमच्याच अकाउंट्समध्ये. मी मुलीला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून विचारलं, "अँड द फोटोग्राफर?" मी म्हटलं, त्याचाही विचार केलाय. ती हसली, पण मी खरंच केला होता.

मंडूबला मी कचेरीबाहेरच्या पार्किंगमध्ये गाठलं. गाडीत एसी लावून बसला होता. त्याने काच खाली केली.

"फोटो तुम्ही दिलात?"

"मी दिला," तो म्हणाला. इतक्या सरळ की मला पुढचा प्रश्न आठवेना. "सायबानं सांगितलान, राजीनामा दिला म्हणून टाक. मी बोललो, कागद कुठाय? तर बोलला, हा फोटो लाव. मी नोकर माणूस, बाय."

"आणि साहेबाला फोटो कोणी दिला?"

"तुमच्या मंडळानं. खरेदीच्या इनबॉक्सात आला. प्रायोजकाला पुरावा, असं लिहिलं होतं वर."

मी गाडीच्या टपाला हात टेकून उभी राहिले. टप तापला होता तरी हात काढला नाही. कंपनीने पहिल्यांदा मंडळाला मदत दिली त्या वर्षी कोणीतरी तक्रार केली होती, की आपलं बोधचिन्ह लावलंच नव्हतं. तेव्हा नियम मीच केला होता: कार्यक्रम झाला की बॅनरचा फोटो पाठवायचा, बोधचिन्ह स्पष्ट दिसलं पाहिजे, मग पैसे सुटतील. मंडळाच्या चिटणीसांना मी तीनदा खडसावलंही होतं. ते इतके सुधारले की यंदा मी निघण्यापूर्वीच पैसे सोडून दिले होते तरी त्यांनी फोटो पाठवला. मी तिथे नसताना, माझ्या जुन्या पत्त्यावर. म्हणजे यात कोणाचाही कट नव्हता. कट असता तर मला बरं वाटलं असतं.

"अध्यक्षाला आणा," मंडूब म्हणाला. "त्याच्या तोंडानं बोलू दे. यल्ला, मला उशीर होतोय." आणि काच वर गेली.

जनाबियाच्या त्या कंपाउंडमध्ये फाटकावर वहीत नाव लिहून आत जावं लागतं. अध्यक्षांच्या दिवाणखान्यात एक अख्खी भिंत स्मृतिचिन्हांची आहे. मंडळाने त्यांना दिलेली, त्यांनी मंडळाला दिलेली, आणि मंडळाने त्यांना परत दिलेली. चिवडा आणि चहा आला. मी चिवडा खाल्ला. इथे किंमत मलाच मागायची होती.

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे मी सरकारी कचेरीत जाऊन सांगायचं, की मंडळाच्या बॅनरवर खोटं लिहिलं होतं?"

"शब्दाला वजन यावं म्हणून लिहिलं होतं."

"वहिनी, ती कंपनी आपली प्रायोजक आहे. शिमग्याचं संमेलन तोंडावर आहे."

"माझ्या मुलीची परीक्षाही."

त्यांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, "इंशाल्ला, बघू." बहारीनमध्ये बरीच वर्षं काढलेल्या मराठी माणसाने इंशाल्ला म्हटलं की त्याचा अर्थ देवावर सोडलं असा नसतो, माझ्यावर सोडू नका असा असतो. मी उठले. ते फाटकापर्यंत पोचवायला आले, तेवढं सौजन्य त्यांच्यात नेहमीच होतं, आणि वाटेत दोनदा म्हणाले, "तुमचं वाईट व्हावं असं नव्हतं हो मनात." ते मी मान्य केलं. चांगल्या मनाने केलेल्या कामाविरुद्ध कोणी अपीलही ऐकत नाही, हेच तर दुखणं होतं.

घरी येऊन मी बॅगा काढल्या. मुलीने दारातून पाहिलं. "ही सेड नो?"

"इंशाल्ला म्हणाले."

"ओह. सो नो." ती आत गेली आणि थोड्या वेळाने परत आली. "तू त्यांना काय म्हणालीस? साक्षीदार म्हणून या?"

"मग काय म्हणणार?"

"से प्रेसिडेंट. म्हण, दे नीड द प्रेसिडेंट."

मला तो विचार हलका वाटला. तरी फोन केला. म्हटलं, अध्यक्ष, तिथे त्यांना कोणी साधा माणूस चालणार नाही. संस्थेचा अध्यक्ष लागतो, अधिकृत. हे खोटंही नव्हतं. लिहिणाऱ्याने यावं असंच ती अधिकारी म्हणाली होती, आणि मंडळात दुसरं कोणी काही लिहीत नाही.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "लेटरहेड आणू?"

सुनावणीला ते सुटात आले, कोटाला मंडळाचा बिल्ला. कंपनीकडून मंडूब, बगलेत फाइल. त्याने मला ओळख दाखवली नाही, त्यामुळे मला पुन्हा वाटलं की हा शेवटच्या क्षणी काहीतरी काढणार. तीच तरुण अधिकारी होती. अध्यक्षांनी उभं राहून मंडळाच्या स्थापनेपासून सुरुवात केली. दुसऱ्या गणेशोत्सवापर्यंत तिने ऐकून घेतलं. मग फोटो पुढे केला.

"बॅनरवरचा मजकूर तुमचा?"

"हो."

"तो खरा आहे?"

अध्यक्षांनी बिल्ल्याला हात लावला. आत्ता हे इंशाल्ला म्हणणार, अशी माझी खात्री होती. मी त्यांच्याकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

"मॅडम," ते अखेर म्हणाले, इंग्रजीत, पण वाक्य मराठीतून उचललेलं, "आमच्याकडे सत्काराच्या बॅनरवर माणसाचं बरं लिहितात. खरं लिहीत नाहीत."

"कधीच नाही?"

"माझ्या कारकिर्दीत तरी नाही."

ती हसली नाही, पण तिने पेन खाली ठेवलं. "नोकरीवरून काढलंय हे तुम्हाला माहीत होतं?"

"यांनी मला फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. कार्यक्रमाच्या आधी. शब्द मी बदलले. यांनी हॉलमध्ये हरकतही घेतली, मी ऐकलं नाही. छापून झालं होतं." ते थांबले. "नोकरी गेली असं स्टेजवर लिहिलं तर माणसाला लाज वाटते. म्हणून लिहिलं नाही. इतकंच."

मी इतक्या वर्षांत त्यांची अनेक भाषणं ऐकली होती. टाळ्या न घेता खाली बसलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. प्रायोजक गेला, हे त्यांना बसता बसता कळलेलं दिसत होतं.

अधिकारी मंडूबकडे वळली. "कंपनीकडे यांचा राजीनामा आहे? पत्र, ईमेल, काहीही?"

मंडूबने फाइल उघडली. एकेक पान उलटलं, सावकाश, शेवटपर्यंत. मग फाइल मिटली.

"मफी," तो म्हणाला. नाही.

आणतो म्हणता आलं असतं. साहेबांना विचारतो म्हणून दुसरी तारीख मागता आली असती, मंडूबचं अर्धं आयुष्य त्यातच जातं. त्याने मागितली नाही. हे निष्काळजीपणाने झालं की कसं, ते मी त्याला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो पुन्हा नोकर माणूस म्हणाला असता.

बाहेर अध्यक्ष मला म्हणाले, "वहिनी, आतलं मंडळात नको."

"छापणार नाही," मी म्हटलं.

निकाल लगेच लागला नाही. मधल्या काळात मी बॅगा परत ठेवल्या नाहीत, कपाटासमोर उघड्याच राहू दिल्या. संदेश आला तेव्हा मुलगी जेवणाच्या टेबलावर अभ्यास करत होती. मी इंग्रजी वाचलं. अपील मंजूर. पुन्हा वाचलं. मग अरबीतलं काही वेगळं असेल म्हणून खालच्या मजल्यावरच्या बहारीनी शेजारणीकडे गेले. तिने वाचलं आणि म्हणाली, तेच आहे. मी म्हटलं, नक्की? तिने माझ्याकडे जरा दयेने पाहिलं आणि खजूर दिले.

वर आले. घरात एसी नेहमीसारखा जास्तच थंड होता. मुलीने खांद्यांवर सत्काराची शाल घेतली होती. जरीचा काठ रसायनशास्त्राच्या पुस्तकात अडकत होता, तो ती एका हाताने बाजूला करत होती.

"सो वी आर स्टेइंग?"

"परीक्षेपर्यंत."

"नक्की?" तिने मराठीत विचारलं.

मी म्हटलं, पहिला हप्ता खात्यात दिसू दे. ती मान हलवून पुस्तकात शिरली. मी आत जाऊन बॅगा मिटल्या आणि कपाटाच्या वर टाकल्या. एक मात्र खालीच ठेवली.